क्वार्टरची सुपूर्दी (सरोजिनी नगर, दिल्ली)

निवृत्ती किंवा बदलीनंतर सरकारी घर परत करताना होणारी तपासणी आणि तिच्यासाठीची तयारी. सरोजिनी नगर, पूर्वीचे विनय नगर, ही स्वातंत्र्यानंतर उभी राहिलेली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. इथले क्वार्टर विकता येत नाही. फ्लॅट विकताना गिऱ्हाईक नळ सोडून बघते, भिंतीची ओल चाचपते. इथे ते काम सीपीडब्ल्यूडी, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. घरांचे वाटप संपदा संचालनालयाकडे असते.

खरी तयारी राहायला येतानाच सुरू होते. ताबा घेताना फिटिंगच्या यादीवर सही होते. पंखे, रेग्युलेटर, नळ, वॉश बेसिन, खिडक्यांच्या काचा, कड्या-कोयंडे असे सगळे तीत येते, आणि सोडताना त्याच यादीवर बोट ठेवून घर पाहिले जाते. बेसिनला आधीच तडा असेल तर तो पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. वीस वर्षांनी तो कोणाचा, हे सिद्ध करता येत नाही. हौसेने लावलेला स्वतःचा पंखा नेताना माळ्यावरचा सरकारी पंखा पुन्हा टांगावा लागतो. तळमजल्याच्या अंगणातली पत्र्याची खोली, बंद केलेला व्हरांडा, अशी विनापरवाना बांधकामे आधीच काढावीत. निवृत्त माणसाला ऐनवेळी सर्वांत जास्त मनस्ताप यांचाच होतो. भिंती रंगवण्यावर मात्र पैसे घालवू नयेत.

किल्ल्या इन्क्वायरी ऑफिसात, म्हणजे देखभालीच्या स्थानिक कार्यालयात, दिल्या की घर रिकामे केल्याचा व्हेकेशन रिपोर्ट मिळतो. त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय ट्रक हलवू नये. वीज-पाण्याचा हिशोब एनडीएमसीकडे, म्हणजे नवी दिल्ली नगरपालिकेकडे, चुकता करावा लागतो. लायसन्स फीची, म्हणजे घराच्या मासिक शुल्काची, बाकी नसल्याचा दाखला संपदा संचालनालय देते. तो मिळेपर्यंत ग्रॅच्युइटीतील १० टक्के रक्कम अडकून राहू शकते. पुण्या-नागपुरात नवे घर लावायला घेतलेल्या मराठी कुटुंबाला ही रक्कम लहान नसते.

सरकारी घरांच्या वाटपाच्या २०१७ च्या नियमांनुसार निवृत्तीनंतर सहा महिने घर ठेवता येते. त्यापुढे नेहमीच्या फीऐवजी दंडाच्या दराने वसुली होते आणि सार्वजनिक जागांबाबतच्या १९७१ च्या कायद्याने घर रिकामे करवता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निवासी घरासाठी कारणे दाखवायला फक्त तीन कामकाजाचे दिवस मिळतात.

जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सुमारे १३ हजार जुन्या क्वार्टरांच्या जागी २५ हजारांहून अधिक घरे, अशी ती योजना होती. सरोजिनी नगरचे काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे गेले आणि नोकरीची वर्षे शिल्लक असलेल्यांनाही घरे सोडावी लागली.