बहिष्काराचे शस्त्र कोणाच्या कामी येते?

एखाद्या उद्योगाच्या मालकाने अल्पसंख्याकांविषयी अनुदार मत जाहीर केले, की ‘त्याचा माल घेऊ नका’ अशी हाक उठते. हाक देणाऱ्यांना निषेध नोंदविल्याचे समाधान मिळते. परंतु ज्यांच्यासाठी हा बहिष्कार पुकारला जातो, त्यांच्या पदरात काय पडते? गेल्या अर्धशतकातील तीन गाजलेली प्रकरणे पाहिली, तर याचे उत्तर बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून असल्याचे दिसते : बहिष्कार घालणाऱ्यांनी कंपनीकडे नेमके काय मागितले होते?

कूर्स : दीर्घ लढा, ठोस मागण्या

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात गोल्डन येथे ‘कूर्स’ बिअरचा कारखाना आहे. कूर्स कुटुंब कट्टर उजव्या विचारांचे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘हेरिटेज फाउंडेशन’ला जोसेफ कूर्स यांनीच सुरुवातीचा मोठा निधी दिला. तथापि, बहिष्काराचे कारण केवळ ही मते नव्हती. मेक्सिकन वंशाच्या आणि कृष्णवर्णीय लोकांना कंपनी नोकरीत डावलते, अशी तक्रार १९६०च्या दशकापासून होती. नोकरी मागणाऱ्यांची खोटे पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी घेतली जाते व तीत लैंगिक आयुष्याविषयीही प्रश्न विचारले जातात, असा कामगारांचा आक्षेप होता.

१९७०च्या दशकाच्या मध्यास सॅन फ्रान्सिस्कोतील टीमस्टर्स युनियनचे ॲलन बेयर्ड यांनी कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचे दुकान चालविणारे हार्वे मिल्क यांच्याकडे मदत मागितली. मिल्क यांची मागणी साधी होती : बिअरच्या ट्रकवर समलिंगी चालकांनाही काम मिळावे. युनियनने ती मान्य केली आणि समलिंगींच्या अनेक बारमधून कूर्स हद्दपार झाली. एप्रिल १९७७ मध्ये कारखान्यात संप झाला. त्यानंतर ‘एएफएल-सीआयओ’ या कामगार महासंघाने बहिष्काराला देशव्यापी रूप दिले.

१९७८ मध्ये कंपनीने लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव न करण्याचे धोरण स्वीकारले. १९८४ मध्ये कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक संघटनांशी नोकऱ्या आणि व्यवसायाविषयी करार झाले. १९८७ मध्ये महासंघाने बहिष्कार मागे घेतला. १९९५ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांनाही कंपनीच्या सवलती मिळू लागल्या.

या यशालाही मर्यादा होत्या. संप फसला आणि डिसेंबर १९७८ च्या मतदानात कारखान्यातील युनियनच बाद झाली. कूर्स कुटुंबाची मतेही बदलली नाहीत. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ‘कॅसल रॉक फाउंडेशन’मधून उजव्या संस्थांना पैसा जातच राहिला. थोडक्यात, बदलले ते कंपनीचे नियम; मालकांचे मन नव्हे.

चिक-फिल-ए : उलटलेला वार

२०१२ च्या जुलैमध्ये ‘चिक-फिल-ए’ या चिकन सँडविचच्या साखळीचे प्रमुख डॅन कॅथी यांनी समलिंगी विवाहाविरुद्ध मत मांडले. बहिष्काराची हाक आली. पण लगेच तिला प्रत्युत्तरही मिळाले. अर्कान्सॉचे माजी गव्हर्नर माइक हकबी यांच्या आवाहनावरून १ ऑगस्ट रोजी समर्थकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. कंपनीने त्या दिवशी विक्रीचा विक्रम झाल्याचे सांगितले आणि पुढील वर्षांतही तिचा व्यवसाय वाढतच गेला.

मात्र, कंपनीशी संबंधित प्रतिष्ठानाच्या देणग्यांवरील टीका थांबली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने देणग्यांचे धोरण बदलले व वादग्रस्त ठरलेल्या काही संस्थांची मदत बंद केली. मालकाच्या मतावरील राग गल्ल्यापर्यंत पोहोचला नाही. देणग्यांविषयीचा प्रश्न मात्र कंपनीला सोडवावा लागला.

बारिला : नाव जपण्याची घाई

सप्टेंबर २०१३ मध्ये इटलीतील पास्ता उत्पादक गुइदो बारिला यांनी, आपण जाहिरातीत समलिंगी कुटुंब दाखविणार नाही, असे रेडिओवरील मुलाखतीत सांगितले. इटलीबाहेरही बहिष्काराची हाक गेली. बारिला यांनी दिलगिरी व्यक्त केली, सल्लागार मंडळ नेमले आणि कर्मचाऱ्यांविषयीची धोरणे बदलली. २०१४ मध्ये ‘ह्यूमन राइट्स कॅम्पेन’ या अमेरिकी संघटनेने कंपनीला शंभरपैकी शंभर गुण दिले.

बहिष्कारांचे अभ्यासक ब्रेडन किंग यांच्या मते अशा वेळी कंपन्या विक्रीतील घटीपेक्षा वृत्तपत्रांतील बदनामीला अधिक वचकतात. बारिला कंपनीला जगभर नाव राखायचे होते. चिक-फिल-एचा बराचसा ग्राहक मात्र मालकाच्याच मताचा होता.

शस्त्राची दुसरी धार

बहिष्कार हे संख्येच्या आणि खिशाच्या बळावर चालणारे शस्त्र आहे. हे बळ बहुधा बहुसंख्याकांकडे असते, हे महाराष्ट्राला सांगावे लागू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचे नावच ‘बहिष्कृत भारत’ होते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने, हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध गावे बहिष्काराचे हत्यार कसे वापरतात, हे नोंदविले. बाबासाहेब या समितीचे सदस्य होते. मजुरी बंद, वाट बंद, दुकानातील माल बंद, असे त्याचे स्वरूप असे. जातपंचायतींचा असाच जाच रोखण्यासाठी राज्याने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ग्राहकाने एखाद्या कंपनीचा माल नाकारणे आणि गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे या गोष्टी एक नव्हेत. पहिलीत निवड असते, दुसरीत जबरदस्ती. तरीही मालकाच्या मताबद्दल त्याचे दुकान बंद पाडणे हाच रिवाज झाला, तर उद्या अल्पसंख्याक दुकानदाराच्या मताचाही हिशेब मागितला जाईल. नोकरी, पगार, सवलती, देणग्या यांविषयी नेमकी मागणी असेल आणि ती मान्य होताच बहिष्कार मागे घेण्याची तयारी असेल, तेव्हा हे शस्त्र दुबळ्यांच्या कामी आलेले दिसते. मिल्क यांनी मागितली होती ती ट्रकवरची नोकरी. कूर्स यांचे मतपरिवर्तन नव्हे.