नाण्याचा पाठ आणि संदर्भग्रंथ

रहाटणीशेजारच्या चिंचवडला पेशवाईत टांकसाळ होती. तरीही मराठ्यांच्या बहुतेक रुपयांवर फारसी लिपीत मोगल बादशहाचेच नाव आढळते. शिवाय ठसा चकतीहून मोठा असल्याने टांकसाळीचे नाव अनेकदा नाण्याबाहेरच राहते. मग अंकुशासारख्या लहानशा चिन्हावरून माग काढावा लागतो.

अशा वेळी केवळ बाजारभाव सांगणारी सूची आपल्याला काय देणार? संग्राहकाने प्रथम माहेश्वरी व विगिन्स यांचा 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' (१९८९) हा टांकसाळवार मांडणीचा ग्रंथ जवळ करावा, असे आम्हांस वाटते. किंमत दरसाल बदलते. ओळख चुकली, तर मराठी रुपया मोगलांच्या खात्यावर जमा होतो. पाठचिकित्सा करणाऱ्यांना हा धोका नवा नाही.