गणवेश आणि कूळ : क्लिक बीटलची गोष्ट



सीमेवरची एक चौकी. रात्री कंदिलाच्या उजेडात एक लांबट, तपकिरी किडा माझ्या नकाशावर उताणा पडला. जरा वेळ पाय झाडले, मग 'टक्' असा आवाज करून हवेत उडाला आणि खाली आला तो पायांवर. हा क्लिक बीटल, हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्याच्या छातीखाली एक काटा असतो. तो मागच्या खोबणीच्या तोंडाशी अडतो, ताण साठतो आणि सुटला की खटका बसतो.

या खटकेबाजांचं कूळ माणसाने कसं ठरवलं, ते आज पाहू.

१७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियस यांनी त्यांना 'एलेटर' या प्रजातीत घातलं. १८१५ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लीच यांनी त्यांचं वेगळं कुल मांडलं, एलेटरिडी. बेल्जियमचे डॉक्टर एर्नेस्त कांदेझ यांनी १८५७ ते १८६३ या काळात चार खंड लिहून जगभरच्या जातींची मांडणी केली. १९१७ मध्ये अमेरिकेच्या जेम्स हिस्लॉप यांनी अळ्यांवरून नाती जुळवून पाहिली. पण या सगळ्यांची कसोटी एकच होती : डोळ्यांना दिसेल ते.

तिथेच चूक झाली. ड्रिलिड नावाचे किडे घ्या. त्यांच्या अळ्या गोगलगायी खातात. अंग मऊ, खटका नाही. मादीला पंखही नसतात, ती मोठी होऊनही अळीसारखीच दिसते. साहजिकच त्यांना वेगळ्या कुलात ठेवलं गेलं. २०११ मध्ये चेक शास्त्रज्ञ कुंद्राता आणि बोत्साक यांनी डीएनए तपासला, तर हे ड्रिलिड क्लिक बीटलच्याच घरातले निघाले! अंग मऊ होत गेलं, खटका गेला. रक्त तेच राहिलं.

उलटंही घडलं. काही क्लिक बीटल काजव्यासारखे चमकतात. दोघे लांबचे नातेवाईक. तेव्हा हा उजेड एकाच पूर्वजाकडून आला असेल, असं वाटणं स्वाभाविक होतं. २०१८ मध्ये दोघांचे जनुकसंच ताडून पाहिल्यावर दिसलं, की दोघांनी आपापला दिवा स्वतंत्रपणे पेटवला असावा.

फौजेत आम्ही गणवेश पाहून पलटण ओळखायचो. पण गणवेश पलटण सांगतो, आई-बाप सांगत नाही. लिनियसपासून ड्रिलिडांच्या घरवापसीपर्यंत अडीचशे वर्षं गेली. नोंदवहीतली जुनी ओळ खोडायला शास्त्रज्ञ लाजले नाहीत, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

जय हिंद.