फासे न टाकता गेलेला मुलूख

आजचा विषय वऱ्हाडचा इतिहास आहे, पण सुरुवात एका खेळापासून करतो. तुमच्यातल्या तरुणांनी संगणकावर 'रिस्क' खेळला असेल. आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने तो १९५७ साली बाजारात आणला, तेव्हा तो पुठ्ठ्याच्या पटावर होता.

नियम सोपे आहेत. जगाचे ४२ मुलूख. आपली पाळी आली की हातातले मुलूख मोजायचे, तिनाने भागायचं, तेवढ्या नव्या पलटणी मिळतात. निदान तीन तरी मिळतातच. अख्खा खंड ताब्यात असेल तर वर आणखी काही. मग शेजारच्या मुलखावर चाल करून फासे टाकायचे. चढाई करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन फासे, राखणाऱ्याला दोन. आकडा सारखा पडला तर राखणारा जिंकतो. नवशिका चारी दिशांना पसरतो. मुरलेला खेळाडू आधी ऑस्ट्रेलिया धरतो, कारण तिथे शिरायला वाट एकच.

आता हा पट वऱ्हाडावर अंथरू या. २९ नोव्हेंबर १८०३. अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढचं घर चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. तिथेही सोयीची वाट एकच, उत्तरेकडची. कर्नल स्टीव्हन्सनने मेळघाटच्या डोंगरातून तोफा ओढत नेऊन तीच वाट गाठली. १५ डिसेंबरला गड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख इंग्रजांच्या मित्राकडे, म्हणजे निजामाकडे गेला.

इथपर्यंत खेळ आणि इतिहास जुळतात. पुढे मात्र जुळत नाहीत, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दलच.

खेळात पलटणीला पगार नसतो. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेला मात्र होता. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून. पगार थकत गेले, इंग्रजांनी पैसे घातले, ते कर्ज म्हणून निजामाच्या नावावर चढलं. २१ मे १८५३ च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेलं. एकही लढाई झाली नाही. खेळात मुलूख फौज देतो. इथे फौजेनेच मुलूख खाल्ला!

१८६० च्या तहात उरलेलं कर्ज माफ झालं, रायचूर दुआब आणि नळदुर्गाकडचा भाग परत मिळाला. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. शिलकी वसूल निजामाला द्यायचा, पण खर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही, असं ठरलं. आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. म्हणजे हिशेब बंद झाला आणि लगेच उत्पन्न वाढलं. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. आणि गंमत बघा, ज्या फौजेसाठी एवढं सगळं झालं, ती कंटिंजंट पुढच्याच वर्षी हिंदी सैन्यात विरून गेली. कारण संपलं, ताबा राहिला. निजामाने वऱ्हाड परत मागितलं, तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय रीडिंगने त्याला साफ नकार दिला.

या साऱ्या तहांवर सह्या कुणाच्या? निजामाच्या आणि इंग्रजांच्या. शेतसारा भरणाऱ्या अकोटच्या किंवा दर्यापूरच्या कुणब्याला कुणी विचारलं नाही. पटावरच्या घरात माणसं दाखवलेली नसतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न उठत नाही. वऱ्हाडात माणसं होती.

म्हणून खेळा, जरूर खेळा. पण एकदा घरचा एक नियम लावून बघा: दर पाळीला प्रत्येक पलटणीचा पगार मोजायचा, आणि थकला तर सावकाराला एक मुलूख द्यायचा. अडगावची लढाई कशी जिंकली हे जुन्या नियमांनी कळतं. वऱ्हाड कसं गेलं, ते या नव्या नियमाने कळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.