यकृत पर्णकृमी

गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि क्वचित माणूस यांच्या यकृतात व पित्तनलिकांत राहणारा, झाडाच्या पानासारखा चपटा परजीवी कृमी. फॅसिओला प्रजातीतील दोन जाती महत्त्वाच्या आहेत. फॅसिओला हेपॅटिका ही थंड व समशीतोष्ण प्रदेशांत आढळते. तिची लांबी दोन ते तीन सेंमी. असते. फॅसिओला जायगँटिका उष्ण प्रदेशांतली असून ती सात सेंमी.पर्यंत वाढते. महाराष्ट्रासह भारताच्या मैदानी भागातील गुरांत मुख्यतः जायगँटिका सापडते, तर हिमालयातील थंड पट्ट्यात हेपॅटिका. रोगाचे शास्त्रीय नाव फॅसिओलोसिस. गोठ्यात आणि दवाखान्यात त्याला ‘लिव्हरफ्लूक’ म्हणतात.

या कृमीचे सगळे आयुष्य गोड्या पाण्यातील गोगलगाईवर टांगलेले आहे. कृमी उभयलिंगी असून एक प्रौढ दिवसाला हजारो अंडी घालतो. ती पित्ताबरोबर आतड्यात आणि तिथून शेणात येतात. शेण वाळले की अंडी मरतात. पाण्यात पडले तर उबदार हवेत दहा-पंधरा दिवसांत त्यांतून केसाळ डिंभ बाहेर पडतो. त्याच्याजवळ जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात योग्य गोगलगाय सापडली नाही, तर तो संपतो. सापडली, तर तिच्या शरीरात त्याची संख्या वाढत जाते आणि एका डिंभापासून शेकडो शेपटीवाले डिंभ तयार होतात. ते पाण्यात उतरतात, गवताच्या वा भाताच्या पाण्यालगतच्या भागाला चिकटतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कवच विणतात. ही पुटी ओलाव्यात कित्येक आठवडे जिवंत राहते. भाताचे खाचर, कालव्याची पाझरणारी कड, गावतळ्याचा उतार या तिच्या जागा. उन्हाळ्यात गोगलगाई चिखलात गाडून घेऊन तग धरतात, म्हणून आटलेले तळे निर्धोक झाले असे समजू नये.

हे चक्र उलगडायला माणसाला पाचशे वर्षे लागली. फ्रान्समधील मेंढपाळ ज्यां द ब्री याने १३७९ मध्ये मेंढ्यांच्या यकृतातील या कृमींविषयी लिहिले आणि दोष पाणथळीतल्या वनस्पतींना दिला. कारण चुकले, तरी जागा त्याने बरोबर ओळखली होती. इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या साथीत सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या. त्यानंतर ऑक्सफर्डमध्ये अल्जर्नन टॉमस आणि जर्मनीत रुडोल्फ लॉयकार्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे गोगलगाईचा दुवा सिद्ध केला.

गिळलेल्या पुटीतून निघालेला बालकृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येतो आणि काही दिवसांत यकृत गाठतो. मग कित्येक आठवडे तो यकृत पोखरत फिरतो. मेंढीने एकदम पुष्कळ पुटी खाल्ल्या असतील, तर याच टप्प्यात आतल्या रक्तस्रावाने ती अचानक मरते; त्या वेळी लेंडीत एकही अंडे सापडत नाही. गुरांत रोग सहसा रेंगाळतो. जनावर खंगते, दूध घटते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसतात आणि जबड्याखाली पाणी साचून मऊ सूज लोंबू लागते. गाईच्या पित्तनलिका चुना साचून इतक्या कडक होतात की यकृत कापताना सुरी करकरते.

निदानासाठी शेण पाण्यात कालवून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फॅसिओलाची अंडी पिवळसर सोनेरी असतात. जठरातील पर्णकृमीची अंडी आकाराने तशीच, पण रंगहीन असतात. औषधाची निवड इथे फार महत्त्वाची आहे. गोल कृमींवर चालणारे आयव्हरमेक्टिन या कृमीला काहीच करत नाही. ऑक्सिक्लोझॅनाइड प्रौढांना मारते, बालकृमींना नाही. ट्रायक्लाबेंडॅझोल दोहोंवर चालते. मात्र त्यालाही दाद न देणारे कृमी ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये नोंदले गेले आणि पुढे इतर देशांतही आढळले. म्हणून ‘जंताचे औषध दिले’ एवढ्यावर समाधान मानणे घातक आहे : कोणते दिले, कधी दिले आणि वजनाच्या प्रमाणात दिले का, हे विचारलेच पाहिजे. औषधानंतर दूध किती दिवस वापरू नये, तेही पशुवैद्याकडूनच समजून घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ७० हून अधिक देशांत किमान २४ लाख लोकांना हा संसर्ग आहे. बोलिव्हियाचे उंच पठार, ईजिप्तमधील नाईलचा त्रिभुज प्रदेश आणि इराणमधील गिलान प्रांत ही त्याची ठळक ठिकाणे. पाण्यात वाढलेली कच्ची पालेभाजी किंवा न उकळलेले पाणी यांतून पुटी पोटात जाते. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढणे ही लक्षणे असतात. माणसालाही ट्रायक्लाबेंडॅझोलच देतात. इतर अनेक पर्णकृमींवर गुणकारी असलेले प्राझिक्वांटेल इथे कुचकामी ठरते. बाधित बकऱ्याची शिजवलेली कलेजी खाल्ल्याने हा रोग होत नाही. तिच्यातली अंडी माणसाच्या विष्ठेत तात्पुरती दिसू शकतात आणि तपासणाऱ्याची दिशाभूल करतात, एवढेच. थायलंड व चीनमध्ये कच्च्या माशांतून येणारे, पित्तनलिकेच्या कर्करोगास कारण ठरणारे यकृतकृमी वेगळ्या प्रजातींचे आहेत.

प्रतिबंधाचा भर गुरांना पाणथळीपासून दूर ठेवण्यावर असतो. हौदात पाणी पाजणे, ताजे शेण खाचरात न टाकता खड्ड्यात कुजवणे, ओल्या कडेचा चारा उन्हात खडखडीत वाळवून घालणे हे उपाय छोट्या पशुपालकालाही जमण्याजोगे आहेत. गोगलगाई मारणारी रसायने माशांनाही मारतात, त्यामुळे त्यांचा पुरस्कार करवत नाही. जावा बेटावरील संशोधकांनी भातशेतीत वेगळीच वाट शोधली. बदकांत राहणाऱ्या इकायनोस्टोमा नावाच्या कृमीचे डिंभ त्याच गोगलगाईत शिरतात आणि तिथले फॅसिओलाचे डिंभ खाऊन टाकतात. म्हणून तिथे गुरांच्या गोठ्याला लागून बदकांचा खुराडा बांधून, दोघांची विष्ठा एकत्र मिसळून खाचरात सोडण्याचे प्रयोग झाले.