कळसाचे टोक: हस्तिदंती प्याले, लेथवर बसलेले राजे आणि कोबुर्गची लूट

१/
१६३२ चा शरद ऋतू. मध्य जर्मनीतील कोबुर्ग हे छोटे राजधानीचे शहर सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या फौजांच्या हाती पडले आणि तेथील ड्यूकचा खजिना लुटला गेला. त्या लुटीत हस्तिदंताचे उंच, झाकणदार प्याले होते. काहींच्या झाकणांवरचे कळस इतके बारीक, की बोटाच्या धक्क्यानेही मोडावेत. हे प्याले आल्प्स ओलांडून फ्लोरेन्सला पोहोचले आणि आजही तेथेच आहेत.

२/
कळस म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे देवळाचे शिखर येते. कातकामातही कळस असतो. लेथवर कातलेल्या पोकळ भांड्याच्या झाकणावर उभे राहणारे सुळकेदार टोक म्हणजे हा कळस. उपयोगाच्या दृष्टीने पाहिले तर झाकण उचलायला एक साधी गाठ पुरे. मग कातारी या टोकावर इतके कष्ट का घेतो? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

३/
कुंभार आणि कातारी दोघेही फिरत्या वस्तूला आकार देतात. पण कुंभाराला चुकलेली माती पुन्हा मळता येते, कमी पडली तर वर चढवता येते. कातारी केवळ काढू शकतो. एकदा कातलेला कण परत बसत नाही. म्हणून या कलेत प्रत्येक वळसा हा अखेरचा निर्णय असतो.

४/
पोकळ भांड्याची खरी अडचण आत असते. अरुंद तोंडातून हत्यार आत घालून, डोळ्यांना न दिसणारी भिंत हाताच्या अंदाजाने आणि कानाला येणाऱ्या आवाजाने पातळ करायची. काम संपले की ते सारे कौशल्य अंधारात राहते. पाहणाऱ्याला दिसते ती बाहेरची गोलाई. कळसाचे उलट आहे. तेथे काहीच लपत नाही. आतल्या कौशल्याची साक्ष वरच्या टोकाने द्यायची असते.

५/
कळस कातण्याचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. देऊळ पायापासून वर चढते, कळस मात्र टोकाकडून मागे कातला जातो. तुकड्याचे एक टोक यंत्राच्या पकडीत असते, दुसरे मोकळे. सर्वांत बारीक टोक आधी पूर्ण करतात, कारण तोवर मागे आधाराला जाड भाग शिल्लक असतो. मग इंचाइंचाने मागे सरकायचे. पुढे पूर्ण झालेल्या भागाकडे परत वळण्याची सोय नाही. हत्यार लागताच तो थरथरतो आणि तुटतो.

६/
यामुळे कळसाची रचना आधी मनात, नाही तर कागदावर पक्की असावी लागते. त्याची वर्णमाला लहान आहे: फुगीर मणी, आत वळलेली खोबण, चपटी पट्टी आणि निमुळता दांडा. पण दोन मणी एकाच मापाचे झाले की नजर अडखळते. माप टोकाकडे क्रमाने लहान होत जावे, कडा धारदार राहाव्यात, आणि खालच्या भांड्याची रेषाच वर चढत गेल्यासारखी वाटावी. कळस भांड्याला शोभला पाहिजे. त्याने भांडे झाकून टाकता कामा नये.

७/
आता द्रव्य. लाकडाला रेषा असतात. रेषा आडवी आली की बारीक दांडा तेथेच तुटतो. हस्तिदंत घट्ट आणि चिवट, म्हणून त्यातून अधिक बारीक काम निघते. शिवाय सुळ्याची नैसर्गिक घडणही या कामाला सोयीची असते. त्याचा मुळाकडचा भाग आतून पोकळ आणि टोकाकडचा भरीव असतो. पोकळ भागातून प्याल्याचे अंग आणि भरीव भागातून दांडा व कळस घेता येतो. पोर्तुगीजांच्या सागरी व्यापारामुळे सोळाव्या शतकात आफ्रिकेतील हस्तिदंत युरोपात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला होता.

८/
याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली. राजे स्वतः लेथवर बसू लागले. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राटाच्या निवडीत मताचा अधिकार असलेला राज्यकर्ता, आउगुस्ट (१५२६–१५८६) याने ड्रेस्डेनमध्ये १५६० च्या सुमारास अद्भुत वस्तूंचे दालन उभारले. १५८७ मध्ये त्याची जी यादी झाली, तिच्यातील बहुतांश नोंदी हत्यारांच्या आहेत. त्याने स्वतः कातलेल्या हस्तिदंती वस्तूही या संग्रहात होत्या. गेओर्ग वेकर हा कातारी १५७८ मध्ये त्याच्या दरबारी नोकरीत आला आणि १५८४ मध्ये एगिडियुस लोबेनिक.

९/
राजाने कारागिराचे काम का करावे? त्या काळच्या विचारात कातकाम हे हाताने केलेले भूमितीचे अध्ययन होते. वेड्यावाकड्या सुळ्यातून वर्तुळ, गोल आणि शंकू काढणे म्हणजे अस्ताव्यस्त जगाला नियमात बसवणे. राज्यकर्त्याला हे रूपक मानवणारेच होते. त्यात एक व्यावहारिक बाजूही होती. लेथवर मन एकाग्र लागते, हात स्थिर लागतो आणि घाई तत्काळ शिक्षा देते.

१०/
यंत्रही सुधारत गेले. साधा लेथ गोलच कातणार. पण पाकळ्यांसारखी कडा असलेली चकती बसवून फिरणारा दांडा मागेपुढे हलवला, की लंबवर्तुळ, लाटा आणि कंगोरे उमटतात. बव्हेरियाच्या दरबारात काम केलेला मिलानचा जोव्हानी आम्ब्रोजो माज्जोरे हा लंबवर्तुळाकार कातकामासाठी प्रसिद्ध होता. अक्ष मुद्दाम बाजूला सरकवला, तर प्याला तोल जाऊन पडणार असे वाटावे आणि तरी तो उभाच राहावा, अशीही कामे होऊ लागली.

११/
ही विद्या कोबुर्गला कशी आली? तेथील ड्यूक योहान काझिमिर (१५६४–१६३३) हा आउगुस्टचा जावई. आउगुस्टची मुलगी अ‍ॅना हिच्याशी त्याचा विवाह १५८६ मध्ये झाला. तो विवाह पुढे घटस्फोट आणि अ‍ॅनाचा आजन्म कारावास अशा दुःखद वळणाने संपला. सासऱ्याच्या दरबारातील लेथचा छंद मात्र जावयाच्या दरबारातही रुजला. योहान काझिमिर स्वतः कातकाम करी.

१२/
त्याच्या पदरी दोन नामांकित कातारी होते: मार्कुस हायडेन आणि योहान आयझेनबर्ग. त्यांचे फ्लोरेन्समधील प्याले १६१८ ते १६३१ या काळातले आहेत. १६१८ हेच तीस वर्षांच्या युद्धाच्या आरंभाचे साल. बाहेर गावे जळत होती, आणि कोबुर्गमध्ये हस्तिदंताची गोलके एकावर एक तोलली जात होती. या प्याल्यांत भूमितीचे आकार एकमेकांवर चढत जातात. प्रत्येक जोड पाहणाऱ्याला अशक्य वाटावा आणि सर्वांत वर कळसाने हे सारे मुद्दाम केले आहे अशी ग्वाही द्यावी, असा त्यांचा थाट आहे.

१३/
१६३२ मध्ये युद्ध दाराशी आले. वालेनस्टाइन आणि बव्हेरियाचा मॅक्सिमिलियन यांच्या फौजांनी कोबुर्ग शहर घेतले. टेकडीवरचा किल्ला झुंजत राहिला आणि पडला नाही. खाली शहरात मात्र लूट झाली. सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्यांत एक १९ वर्षांचा राजपुत्र होता: मात्तिआस दे मेदिची, फ्लोरेन्सच्या ग्रँड ड्यूकचा धाकटा भाऊ. हे हस्तिदंती प्याले त्याच्या वाट्याला आले.

१४/
पुढच्याच वर्षी योहान काझिमिरचा मृत्यू झाला. ज्या संग्रहासाठी हे प्याले घडले, तो संग्रह त्यांना मुकलाच होता, आता आश्रयदाताही गेला. एका अर्थी लुटीनेच हे प्याले एकत्र राखले. त्यातील २७ पात्रे आज फ्लोरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातील संग्रहालयात आहेत. म्हणून लुटीला पुण्यकर्म म्हणता येत नाही. पण जतनाचा इतिहास अनेकदा असाच, अपहरणाच्या वाटेने जातो.

१५/
हायडेन काम करीतच राहिला. १६४० मध्ये त्याने आपल्या एका हस्तिदंती कलाकृतीचे वर्णन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. ही घटना लहान नाही. दरबारी संग्रहात वस्तू ओळखली जाई ती मालकाच्या नावाने. येथे एक कातारी आपल्या कामाचा अर्थ स्वतः सांगत होता.

१६/
त्याचा आणखी एक प्याला अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. उंची सुमारे दोन फूट. त्यावर हायडेनचे नाव आणि १६३१ हे साल आहे. मूळ प्याला शुद्ध भूमितीचा होता. काही दशकांनंतर कोणा अज्ञात शिल्पकाराने त्यावर कोरीव मानवाकृती चढवल्या. अभिरुची बदलली होती. वर्तुळ, मणी आणि निमुळते टोक यांवर आता डोळ्यांचे समाधान होत नव्हते. त्यांना कथा आणि देह हवा होता.

१७/
कळसाच्या इतिहासातला हाच कळीचा प्रसंग आहे. अमूर्त आकार स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो का, की त्याला कशाची तरी प्रतिमा व्हावेच लागते? हायडेनने १६३१ मध्ये एक उत्तर दिले. नंतरच्या हाताने त्याच प्याल्यावर दुसरे उत्तर जोडले. दोन्ही उत्तरे आज एकाच वस्तूत शेजारी नांदतात.

१८/
राजांचा हा छंद वाया गेला नाही. १७०१ मध्ये शार्ल प्लूमिए या फ्रेंच धर्मव्रतीने कातकामावर सचित्र ग्रंथ छापला. रशियाचा झार पहिला पीटर स्वतः लेथवर काम करी, आणि त्याचा यंत्रज्ञ आंद्रेई नार्तोव्ह याने हत्यार यांत्रिक पकडीत धरणारे लेथ बनवले. लंडनमध्ये होल्टझाफेल घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हौशी श्रीमंतांसाठी नक्षीदार कातकामाचे लेथ विकले. ज्या यंत्रावर प्याल्यांचे कळस घडले, त्याचेच भाऊबंद पुढे कारखान्यात लोखंड कातू लागले.

१९/
लाकडी पोकळ भांड्याचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकात अमेरिकेत झाले. १९७० च्या दशकात डेव्हिड एल्सवर्थ याने वाकडी हत्यारे वापरून, अगदी लहान तोंडातून, कागदासारख्या पातळ भिंतींची लाकडी पात्रे कातली. १९८६ मध्ये अमेरिकन कातकारांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तोच तिचा पहिला अध्यक्ष होता. या पात्रांवर पुढे अनेकांनी काळेभोर, सुईसारखे कळस चढवले, आणि जुना वाद पुन्हा जागा झाला: कळस पात्राला पूर्ण करतो की नुसता मिरवतो?

२०/
बारीक कळसासाठी आवडते लाकूड म्हणजे आफ्रिकन ब्लॅकवूड. पाण्यात बुडेल इतके जड, रेषा जवळपास न दिसणारे. ते आपल्या सह्याद्रीतील शिसवाच्याच कुळातले. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय १९८९ मध्ये झाला. २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. कोबुर्गच्या प्रत्येक प्याल्यामागे एक मेलेला हत्ती आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही दरबारी यादीत नाही.

२१/
म्हणून कळसाकडे पाहताना दोन गोष्टी एकत्र दिसाव्यात. एक, चार शतकांपूर्वी श्वास रोखून टोकाकडून मागे सरकत गेलेला हात. दुसरी, त्या हाताला असे काम करू देणारी सत्ता, व्यापार आणि संपत्ती. सत्ता गेली, ड्यूक गेला, युद्धाचे जेतेही गेले. ते काही मिलिमीटरचे टोक मात्र अजून शाबूत आहे.

(धागा समाप्त)