कर्नलचा नैवेद्य आणि दौंडची पाटी

दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर आमचे लहानसे दुकान होते. वह्या, दौती, टाक, शाईच्या वड्या असा माल. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांनी हौसेने इंग्रजी पाटी रंगवून घेतली आणि रंगाऱ्याने ‘स्टेशनरी’ या शब्दात शेवटून तिसरे अक्षर ‘ई’ऐवजी ‘ए’ काढले. ‘ई’ असेल तर लेखनसाहित्य, ‘ए’ असेल तर एका जागी स्थिर. उच्चार तोच. गाडीला वेळ होता म्हणून हिंडत आलेल्या एका गृहस्थांनी चारचौघांत विचारले, “काय हो, तुमचे दुकान जागचे हलत नाही वाटते?” लोक हसले. वडील इंग्रजी दुसरीपर्यंतच शिकलेले. ते काही बोलले नाहीत. रात्री स्टुलावर चढून त्यांनी ते अक्षर काळ्या रंगाने बुजवले. तो डाग पाटीवर शेवटपर्यंत राहिला.

त्या डागानेच मला शब्दांच्या मागे लावले असावे. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरत. पण विद्यापीठाच्या आश्रयाने एका जागी ठाण मांडून पोथ्या विकणारा जो होता, त्याला लॅटिनमध्ये ‘स्टेशनॅरिअस’ म्हणत. मुळात धातू उभे राहण्याचा, आपल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ. लंडनला या व्यावसायिकांचा संघ १४०३ साली स्थापन झाला. म्हणजे स्थिर तो ‘स्टेशनरी’, त्या स्थिर दुकानदाराचा माल तीही ‘स्टेशनरी’, आणि गाडी थांबते ते स्टेशनही त्याच घराण्यातले. ‘ए’ आणि ‘ई’ ही वाटणी मागाहूनची. जागचा हलत नाही म्हणूनच तो स्टेशनर! पण हे मला कळले तेव्हा वडील राहिले नव्हते.

आवाज एक म्हणजे कूळ एक, असे मात्र दर वेळी नसते. याचा दाखला आमच्या शेजारच्या शिरूरला, लोकांच्या तोंडच्या घोडनदीला, आहे. तिथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. त्याआधी, १८०९ साली, कर्नल वॉलेस इथे वारला. त्याच्या थडग्याला लोक सत्पुरुषाचे स्थान मानू लागले. सुगीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी नव्या धान्याचा नैवेद्य तिथे आणीत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात आहे.

आता मौज पाहा. दाण्याच्या आतल्या गराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा उच्चारही ‘कर्नल’च. तो धान्यवाचक ‘कॉर्न’चे लहानपण दाखवणारे जुने देशी रूप. फौजेतला कर्नल इटलीतून आला. ‘कोलोना’ म्हणजे स्तंभ, त्यावरून सैन्याची रांग आणि तिचा नायक ‘कोलोनेल्लो’. दोन ‘ल’ जवळजवळ आले की जीभ अडखळते. फ्रेंचांनी पहिल्याचा ‘र’ केला आणि ‘कोरोनेल’ म्हटले. इंग्रजांनी लिहिताना ‘ल’ ठेवला, बोलताना ‘र’. यात हसण्यासारखे काही नाही. संस्कृत ‘लांगल’मधले दोन ‘ल’ आपल्याही जिभेला पेलले नाहीत, म्हणून तर शेतकऱ्याच्या हाती ‘नांगर’ आला. आपण कर्नल लिहिताना कानावर विश्वास ठेवून सरळ ‘र’ लिहिला, हे मला तरी अधिक प्रामाणिक वाटते. घोडनदीच्या शेतकऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते. पण त्याने कर्नलपुढे दाणे ठेवले खरे!

राहता राहिले ते हसणारे गृहस्थ. त्या काळी इंग्रजीत आमच्या गावाचे नावच ‘धोंड’ असे लिहीत. १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा फाटाही ‘धोंड–मनमाड’ म्हणूनच ओळखला जाई. दौंडची अशी धोंड झाली तेव्हा स्टेशनात कोणी हसल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि त्या अक्षरांवर काळा रंग फासायला रात्री स्टूल घेऊनही कोणी गेले नाही.